एकशेंआठ चौकोनांचें पांघरूण

पांघरूण म्हटलें कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें गोधडी उभी राहते. जुनीं लुगडीं एकावर एक घालून धांवदोऱ्यानें शिवलेली तशी एक आमच्या माळ्यावर अजून आहे. परंतु गेल्या दोन हिवाळ्यांत आमच्या सौभाग्यवतींनीं जें पांघरूण विणलें त्याचें कुळ निराळें. 'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान आंकडी. त्या आंकडीनें विणलेल्या ज्या चौकोनास इंग्रज लोक 'ग्रॅनी स्क्वेअर' म्हणतात, त्यास आमच्या घरांत 'आजीचा चौकोन' हें सरळ नांव पडलें आहे.

त्याची रीत सोपी आहे. चार साखळ्यांचें कडें करावें, त्यांत तीन-तीन खांबांचे चार गुच्छ घालावे व दर दोन गुच्छांमध्यें दोन साखळ्या सोडाव्या. तेच चार कोपरे. पुढील प्रत्येक फेरीस कोपऱ्यांत दोन-दोन आणि बाजूच्या प्रत्येक फटींत एकेक गुच्छ. म्हणजे पहिल्या फेरीस ४, दुसरीस ८, तिसरीस १२. भास्कराचार्यांच्या लीलावतींतील श्रेढीव्यवहार ज्यांनीं वाचला असेल त्यांस पुढील हिशेब सांगावयास नको. पांच फेऱ्यांचे ६० गुच्छ, म्हणजे १८० खांब. आमच्या लोकरीनें चौकोनाची बाजू ५ इंच भरली. असे १०८ चौकोन, ९ रुंदीस व १२ लांबीस, मांडले कीं ४५ इंच बाय ६० इंच पांघरूण होतें. एकंदर खांब १९,४४०! ही संख्या आम्हीं मोठ्या कौतुकानें सांगितली, तेव्हां "मोजणें तुमचें, विणणें माझें" एवढेंच उत्तर मिळालें.

लोकर बहुतेक जुन्या स्वेटरांची. उसवलेली लोकर कुरळी राहते. तिच्या लडी करून कोमट पाण्यांत भिजवाव्या आणि खालीं हलकें वजन बांधून सावलींत वाळवाव्या. मुलांचे शाळेचे हिरवे स्वेटर, आमचा तपकिरी मफलर, कोणाची तरी जांभळी कानटोपी, असा रंगांचा बाजार जमला. म्हणून प्रत्येक चौकोनाची शेवटची फेरी गडद निळीच असावी, असा आमचा आग्रह होता व तो मान्य झाला. वीण जाळीदार असल्यानें वारा आंत शिरतो, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे खालीं एक सुती चादर.

परंतु या पांघरुणाची खरी योजना त्याच्या शिवणींत आहे. गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं निराळें बिऱ्हाड केलें. भांडण नव्हतें, जागा पुरत नव्हती. तरी घरांतील चूल दुभंगली कीं वडील माणसांस रात्रीं झोंप लागत नाहीं. त्याच सुमारास सौभाग्यवतींनीं सर्व चौकोन जमिनीवर मांडून त्यांचे दोन भाग केले. प्रत्येकांत ५४, सहा बाय नऊ. पाळण्यास पुरेल, आरामखुर्चींत बसणाराच्या गुडघ्यांवर पुरेल. दोन्ही भाग निळ्या लोकरीच्या मुक्या खांबांनीं पक्के जोडले. सबंध पांघरुणास एकच कांठ घातला असता तर दोन्ही भाग कायमचे बांधले गेले असते. म्हणून कांठ प्रत्येकाचा स्वतंत्र. मग मधली शिवण पांढऱ्या लोकरीनें, एका सलग धाग्यानें घातली. क्रोशाच्या विणीचा गुण असा कीं शेवटचा टांका मोकळा करून टोंक ओढलें म्हणजे सारी ओळ सरसर उलगडते.

"हें आतांच कशास?" आम्हीं विचारलें.

"अहो, उद्यां वांटणी झालीच तर कात्री लागूं नये."

यावर आम्हीं कांहीं बोललों नाहीं.

२०१६ सालीं चेन्नई येथें अनेक जणींनीं विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरांचें पांघरूण झालें व त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. हें आम्हीं घरांत वाचून दाखविलें. सौभाग्यवतींनीं विचारलें, "जोडलें कशानें?" तें त्यांत दिलेलें नव्हतें.

दिवाळींत दोन्ही बिऱ्हाडें एकत्र जमलीं. चार नातवंडें त्या पांघरुणाखालीं आडवीं झोपलीं आणि पांचव्याचे पाय बाहेर राहिले. आतां दोन्ही भागांच्या बाहेरच्या बाजूस एकेक ओळ वाढवावयाची ठरली आहे. म्हणजे आणखी १८ चौकोन, ३,२४० खांब. पांढरी शिवण अद्याप तशीच आहे. आणि धाकट्या सूनबाईंनीं यंदा क्रोशाची सुई हातीं घेतली असून त्यांचे पहिले दोन चौकोन सहा-सहा इंचांचे भरले आहेत.