थेंबाचा माग

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌सकारबद्दल तिकडच्या मालकांचा एक ठेवणीतला विनोद आहे: खाली तेल दिसेनासं झालं, की समजावं इंजिनातलं संपलं. हसू येतं, पण बरेच जण हा विनोद ढालीसारखा पुढे करून दुरुस्ती टाळतात, आणि ते मला पटत नाही. जुनी गाडी आहे, गळणारच, असं म्हणून हात झटकण्याआधी ती कुठून गळते ते तरी बघावं.

एमजीए ही या घोळक्यातली माझी लाडकी. 1955 ते 1962 या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून अशा लाखावर गाड्या बाहेर पडल्या आणि बहुतेक अमेरिकेला गेल्या. बुटकी, गोलाईदार, उघड्या टपाची. दाराला बाहेरून हँडलच नाही. आत हात घालायचा आणि तार ओढायची. एवढा परकेपणा बॉनेट उघडेपर्यंतच. पहिल्या एमजीएतलं 1489 सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचं, आणि याच घराण्याचं 1489 सीसी इंजिन पुढे आपल्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं नांदलं. कलेक्टरची पांढरी गाडी ज्या मिस्त्रीनं खोलली असेल, त्याला हे बॉनेट उघडल्यावर विचारात पडायचं कारण नाही.

तेलाचा थेंब मोठा लबाड असतो. जिथे पडतो तिथला तो क्वचितच असतो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून पाझरलेलं तेल हेडवरून ओघळतं, ब्लॉकच्या अंगाला चिकटून उतरतं, पंख्याचा आणि धावत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो, आणि शेवटी गिअरबॉक्सच्या तोंडाशी ते लोंबकळत राहतं. खाली वाकून बघणारा म्हणतो, मागचं गेलं, इंजिन उतरवा! चोर सोडून संन्याशाला सुळी. खर्च आठवडाभराच्या मजुरीचा, आणि दोष वरच्या दहा मिनिटांच्या पॅकिंगचा.

म्हणून आधी इंजिन रॉकेलनं स्वच्छ धुवायचं आणि पुरतं वाळू द्यायचं. मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि गाडी गरम होईपर्यंत चालवायची. पांढऱ्या पावडरीत उमटलेली काळपट ओली रेघ बोटानं वर वर शोधत गेलं, की जिथे ती सुरू होते ते उगमस्थान. यात शोध घेतल्याचं सुख आहे. त्यासाठीच काही माणसं या गाड्या बाळगतात असा माझा दाट संशय आहे.

बहुतेकदा रेघ कॉर्कपाशी संपते. वरच्या झाकणाखाली कॉर्क, बाजूच्या दोन झाकणांखाली कॉर्क, ऑईल चेंबरच्या दोन्ही टोकांना कॉर्क. उष्णतेनं तो पापडासारखा कडक होतो आणि तुटतो. मग कुणीतरी उत्साही माणूस बोल्ट आणखी आवळतो. पत्र्याचं पातळ झाकण बोल्टभोवती आत दबतं, कडेला फाकतं, आणि गळती वाढते. नवं पॅकिंग घालण्याआधी ती कड सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीनं सरळ करावी लागते. बाजूची झाकणं मॅनिफोल्डच्या पाठीशी दडलेली. नीट काम करायचं तर मॅनिफोल्ड सोडवायलाच हवा.

सगळी पॅकिंगं नवी घालूनही इंजिन चहूकडून घामेजत असेल, तर ब्रीदर बघावा. रिंगांमधून निसटलेला वायू खाली साठतो. पुढच्या बाजूच्या झाकणातून निघून रस्त्याकडे तोंड करणारी नळी त्याला बाहेर सोडते. ती काजळीनं चोंदली की आत दाब वाढतो आणि तेल फट दिसेल तिथून बाहेर पडतं. नळी साफ करायला पैसा लागत नाही, म्हणूनच की काय, तिच्याकडे कुणी बघत नाही.

आणि मग मागचं टोक. एमजीएच्या क्रँकला मागे सीलच नाही! तिथे आटे कापलेत. क्रँक फिरला की ते आटे बाहेर निघू पाहणारं तेल पुन्हा आत ढकलतात. भोवतीच्या धातूला ते टेकत नाहीत, मध्ये बारीकशी फट; घासत नाहीत म्हणून झिजतही नाहीत. गाडी पळते तोवर चोख व्यवस्था. इंजिन थांबलं की आटे थांबले, आणि मागे रेंगाळलेलं तेल निवांत खाली उतरतं. चढावर तोंड करून उभी केली तर जरा जास्तच. तिची वारसदार एमजीबी 1962 मध्ये आली तीही अशीच. पाच बेअरिंगच्या इंजिनासोबत तिला 1964 मध्ये खरं सील मिळालं. एमजीएसाठी आता बाहेरून बसवायचे सीलचे संच मिळतात, पण मेन बेअरिंग झिजून क्रँक नाचत असेल तर ते सील फार टिकत नाही.

ही गळती कारखान्याला ठाऊक होती. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घराला तळाशी एक भोक आहे आणि त्यात सैलसर अडकवलेली स्प्लिट पिन. गाडीच्या हादऱ्यानं पिन हलत राहते आणि भोक मातीनं बुजत नाही. दोनचार थेंब पडावेत म्हणूनच ती सोय. क्लच घसरत नसेल तर एवढ्यासाठी इंजिन उतरवू नका, खाली पुठ्ठा ठेवा. मात्र गळती बंद केल्याच्या समाधानात आधीच्या मालकानं ते भोक बुजवलेलं आढळलं, तर आजच मोकळं करा. तेल तिथे साठलं, की त्याचा पुढचा मुक्काम क्लच प्लेटवर असतो.