थालीपीठ, लोणी आणि लाल वाइन

सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून थेट मुद्द्यावरच येते. भरताबरोबर शिराझ प्या! भरीत खानदेशी हवं. वांगी निखाऱ्यावर काळीठिक्कर भाजलेली, त्याच आचेवर शेकलेल्या मिरच्या आणि लसूण त्यात ठेचून घातलेला, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात, फोडणीच्या तेलाला हात सढळ. सोबत कळण्याची भाकरी. आणि ताटाशेजारी काचेच्या साध्या पेल्यात नाशिकची गडद, जांभळट लाल शिराझ. एक घास घ्या, वर एक घोट घ्या आणि मग मला सांगा, इतकी वर्षं ही दोघं एकमेकांना भेटली कशी नव्हती!

गेल्या हिवाळ्यापर्यंत रेड वाइन ही माझ्या लेखी हॉटेलातली गोष्ट होती. कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, चीजचे चौकोनी तुकडे, मंद दिवे, दोन तुरट घोट आणि घरी आल्यावर गुपचूप वरणभात. मग जळगावच्या काकूंनी भरताची वांगी पाठवली. हिरवट, पातळ सालीची, बिया जेमतेम असलेली ही वांगी, ज्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय तीच. घरात कुणीतरी भेट दिलेली ‘सुला’ची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ पडून होती. नवरा म्हणाला, “उघडू का?” मी म्हटलं, “भरताबरोबर?” तो म्हणाला, “मग काय झालं?” आणि खरंच, काय नाही झालं! त्या रात्रीपासून आमच्या घरी स्वयंपाकाकडे बघायची नजर बदलली. डब्यातला काळा मसाला, भाजणी, शेंगदाण्याचं कूट, सुकं खोबरं, सगळं मी नव्याने हुंगून बघायला लागले.

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की भारतीय जेवण म्हणजे तिखट, आणि तिखटाबरोबर रेड वाइन जात नाही. यातलं अर्धं खरं आहे. वाइनमधल्या अल्कोहोलमुळे मिरचीचा दाह वाढतो आणि तुरटपणा त्यात भर घालतो, त्यामुळे जीभ पोळणारा तांबडा रस्सा आणि दणकट रेड ही जोडी काही जमत नाही. पण रोज कोण तांबडा रस्सा करतं? आपलं रोजचं घरचं जेवण मुळात भाजण्याचं आहे. खोबरं भाजायचं, कांदा भाजायचा, तीळ भाजायचे, शेंगदाणे भाजायचे, धने-लवंगा-दगडफूल परतायचं, आणि भाकरी शेवटी विस्तवावर टाकायची, म्हणजे ती फुगते आणि तिच्यावर काळे ठिपके उमटतात. या भाजलेपणाला भारी, गडद, मुरलेली रेड जशी भिडते तशी दुसरी कुठलीही वाइन भिडत नाही. मी आता हे छातीठोकपणे म्हणते.

का भिडते, हे शोधायला लागले तेव्हा तर मी अक्षरशः उडालेच. अशा बहुतेक वाइन ओकच्या लाकडी पिंपात मुरवतात. हे पिंप बनवताना फळ्या विस्तवावर तापवून वाकवतात आणि आतली बाजू आचेवर चांगली शेकून घेतात. म्हणजे वाइन महिनोन्‌महिने भाजलेल्या लाकडाच्या पोटात बसलेली असते! त्या लाकडातून तिच्यात व्हॅनिलाचा वास येतो, धुराचा येतो आणि लवंगेचाही येतो. लवंगेचा वास नुसता भास नव्हे. लवंगेला लवंगेचा वास देणारं युजेनॉल हे द्रव्य ओकच्या लाकडातही असतं. गोड्या मसाल्यात आपण लवंग घालतो आणि तिकडे पिंप वाइनमध्ये तेच घालत असतं.

मिरीची गोष्ट तर याहून भारी आहे. शिराझ प्यायल्यावर घशाशी काळ्या मिरीची झणझण जाणवते, असं वाइनवाले कायम म्हणत आले. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यामागचं द्रव्य हुडकून काढलं. त्याचं नाव रोटंडोन, आणि तेच काळ्या मिरीतही असतं. गंमत म्हणजे पाचातल्या साधारण एकाला हा वास येतच नाही. आमच्या घरी नवऱ्याला येत नाही, मला मात्र पेला नाकाशी नेला की येतो. म्हणून सुक्या मटणावर शेवटी मिरी भरडून टाकते आणि शिराझ ओतते. रविवारची दुपार सार्थकी लागते.

आता थालीपिठाकडे येऊ. हे मी सावकाश सांगणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त आनंद यानेच दिला. भाजणी घरचीच हवी. ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, तांदूळ, धने, सगळं वेगवेगळं खमंग भाजून दळलेलं. त्यात बारीक कांदा, कोथिंबीर, ओवा, तीळ. तव्यावर थापून मध्ये भोकं पाडायची, त्यांत तेल सोडायचं, झाकण ठेवायचं. कडा लालसर, कुरकुरीत झाल्या की ताटात घ्यायचं आणि वर घरच्या लोण्याचा गोळा ठेवायचा. जेवायला बसण्याआधी कॅबर्ने सोव्हिन्यॉनचा एक घोट नुसता घ्या. हिरड्या आवळून येतील, जीभ कोरडी पडेल, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस खरं तर पांढराच असतो, पण रेड वाइन करताना तो साली-बियांसकट आंबवतात, तेव्हा सालींतून रंग उतरतो आणि दोन्हींतून टॅनिन, म्हणजे हा तुरटपणा देणारं द्रव्य, उतरतं. हे टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, म्हणून तोंड कोरडं पडतं.

आता थालीपिठाचा तुकडा मोडा, विरघळत्या लोण्यात बुडवा, नीट चावा आणि पुन्हा घोट घ्या. तुरटपणा गेला कुठे? लोण्याच्या स्निग्धतेने आणि डाळींच्या प्रथिनांनी त्याची धार काढून घेतली. त्याच्यामागे दडून बसलेलं फळ आता पुढे येतं. काळ्या मनुका, पिकलेलं जांभूळ, थोडी तंबाखूच्या पानासारखी ऊब, आणि त्यात भाजणीचा खमंगपणा असा मिसळतो की कुठला वास थालीपिठाचा आणि कुठला पेल्यातला हे कळेनासं होतं. मग पुढचा घास जास्त चवदार लागतो आणि पुढचा घोट त्याहून. मी हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा ताटावरून उठून फोनवर बहिणीला सांगितलं, थालीपीठ गार होत असताना!

हेच तत्त्व धरून पुढे गेलं की घरातली एकेक गोष्ट उलगडत जाते. ‘फ्रातेल्ली’ची ‘सेत्ते’ घ्या. ती अकलूजच्या मातीतली, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातली. सांजोवेसे या इटालियन द्राक्षाची आणि कॅबर्नेची ती वाइन आहे. तिच्याबरोबर सोलापुरी शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी आणि घट्ट अख्खा मसूर. शेंगदाण्याचं तेल लोण्याचंच काम करतं आणि मसुराचं मातकट भरीवपण सांजोवेसेच्या आंबटसर चवीला झेलून धरतं. ही वाइन आणि ही चटणी, दोन्ही एकाच जिल्ह्यातल्या आणि माझ्या ताटात येईपर्यंत एकमेकींना अनोळखी!

तिकडे कोकणातलं काळ्या वाटाण्याचं सांबारं. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, मालवणी मसाला, बरोबर आंबोळी. मांसाहार न करणाऱ्यांना लोक सांगतात की दणकट रेडला मटणच लागतं. अजिबात नाही. काळा वाटाणा एकटा पुरे आहे. याच्याबरोबर मला ‘ग्रोव्हर’ची ‘ला रिझर्व्ह’ आवडली, बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांच्या पायथ्याची, कॅबर्ने आणि शिराझ एकत्र केलेली.

कुठे जमत नाही तेही सांगते, कारण ते कळलं की बाकीचं सोपं होतं. चिंचगुळाच्या आमटीत गुळाचा खडा मोठा पडला की रेड वाइन एकदम आंबट आणि कडवट लागायला लागते. जेवणातला गोडवा तिच्यातलं फळ झाकून टाकतो. म्हणून वाइनच्या रात्री आमटीत गूळ नावापुरताच. मासे तर नकोतच. सुरमईच्या तुकडीवर रेडचा घोट घेतला की तोंडात लोखंडाची चव येते, आणि त्याचं कारण खरंच लोह आहे. जपानी संशोधकांना दिसलं की वाइनमध्ये लोह जितकं जास्त, तितका मासा खाल्ल्यावर मागे राहणारा हिवस वास जास्त. ठेचा ताटात राहू दे, पण कडेला, बोटाच्या टोकाएवढा.

आणि ही वाइन येते कुठून, हा विचार मनात आला की मला भरूनच येतं. नारायणगावला शामराव चौगुलेंनी १९८०च्या दशकात फेसाळती वाइन करून परदेशात पाठवली तेव्हा या धंद्यावर कुणाचा विश्वास होता? मग राजीव सामंत अमेरिकेतून परतले, त्यांनी नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावली आणि २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. आपल्या उष्ण हवेत वेल युरोपातल्यासारखा हिवाळ्यात झोपी जात नाही, म्हणून बागाईतदार त्याची वर्षातून दोनदा छाटणी करतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळ छाटणी. तोडणी येते ती साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, थंडीत तिथल्या रात्री चांगल्याच गार असतात आणि त्या गारठ्यामुळे द्राक्षातला आंबटपणा टिकतो. म्हणजे ज्या दिवसांत दिंडोरीत द्राक्षं उतरतात त्याच दिवसांत जळगावात भरताच्या पार्ट्या झडत असतात. एकाच थंडीची ही दोन पिकं!

बाटली आणाल तेव्हा दोन-तीन गोष्टी सांभाळा. ‘रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी’ हा नियम थंड देशातल्या घरांसाठी आहे. तिला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवतं आणि आपल्या स्वयंपाकघरात एप्रिलमध्ये त्याच्या दुप्पट असतं. कोमट रेडमधून नुसता अल्कोहोलचा भपकारा येतो, तेव्हा जेवणाआधी बाटली खुशाल फ्रिजमध्ये ठेवा. कांदा चिरायला घ्याल तेव्हा ती बाहेर काढून उघडा, म्हणजे तिला वारा लागेल. उंच दांडीचे ग्लास नसले तरी अडत नाही. पेला मोठा घ्या आणि एक तृतीयांशच भरा, वासाला जागा राहते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच जणांचा एकेक पेला होतो. दोघंच असाल तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस ती छान राहते. या वाइनमध्ये १३-१४ टक्के अल्कोहोल असतं, तेव्हा ती जेवणाबरोबरच आणि एकच पेला. पोटभर जेवणाशेजारचा तो एक पेला इतकं काही देतो की दुसऱ्याची आठवणही होत नाही.

मध्यंतरी काकू आल्या होत्या. आयुष्यात कधी वाइनला शिवलेल्या नाहीत. मी विचारलं, “काकू, चव बघता का?” त्यांनी जिभेवर थेंबभर घेतली, तोंड वाकडं केलं. मग भाकरीला भरीत लावून घास खाल्ला आणि पुन्हा पेला उचलला. “आत्ता बरी लागली गं. पण पुढच्या वेळी वांगं काट्यांवर भाज, गॅसवर नको. हिला धूर हवाय.” साठ वर्षं भरीत करणारी बाई, तिने दुसऱ्या घोटातच नेमकं ओळखलं! काकूंचं ऐकून मी गच्चीवर शेगडी पेटवली, आणि त्या म्हणाल्या ते शब्दशः खरं निघालं.

म्हणूनच नाशिकच्या वायनरींना माझं मनापासून सांगणं आहे. तुमच्याकडे पाहुणे येतात, बागेकडे तोंड करून बसतात आणि पिझ्झा-पास्ता मागवतात. तो राहू द्या. पण मेन्यूच्या त्याच पानावर भरीत आणि कळण्याची भाकरी छापा, काळ्या वाटाण्याचं सांबारं छापा, लोण्यासकट भाजणीचं थालीपीठ छापा, आणि प्रत्येकासमोर कुठली रेड ओतायची तेही लिहा. तुमच्या द्राक्षांच्या मळ्यापासून दोन मैलांवर ज्या चुली पेटतात, त्यांचं जेवण तुमच्या वाइनला सगळ्यात जास्त शोभतं. थालीपीठ ज्या दिवशी सुरू कराल त्या दिवशी कळवा, मी येते.