दूध-भाकरीवर मांजर

मुरुम,
रविवार

चि. छकुलीस,


काल तुझा फोन ठेवला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. पोरगी हसत हसत सांगते काय, तर "आत्या, दूध-भाकरी घातली तरी ओरडतेच मेली, नुसती हावरट आहे." हावरट? अगं, पाच महिन्यांचं पिल्लू ते! वर मलाच दाखला देतेस, की मुरुमच्या घरात मांजरं दूध-भाकरीवरच तर वाढली.

नाही वाढली. नीट आठव. आज्जी पूजा आटोपून वाटीत काला करून ठेवायची, कानडीत लाडाने हाका मारायची. मांजर चार जिभल्या मारायची आणि बळदाकडे निघून जायची. तिचं खरं जेवण तिथं होतं. ज्वारी-तुरीचं घर, उंदरांना काय तोटा! आपल्या लिंगायत घराचा उंबरा अंड्यानेसुद्धा कधी ओलांडला नाही, पण मांजर बळदामागे काय खाते याची चौकशी आज्जीने उभ्या जन्मात केली नाही. शहाणी बाई. आजही बाजार समितीच्या आवारात जाऊन बघ, आडतीवरची मांजरं आल्या-गेल्याच्या पायात घोटाळत नाहीत. त्यांचं पोट पोत्यांमागे भरतं.

एका उंदरातून मांजराला साधारण 30 कॅलरी मिळतात. चार किलोच्या मांजराला दिवसाला 200 ते 250 लागतात, म्हणजे सात-आठ उंदीर, तेही दिवसा-रात्री थोडे थोडे करून. वाढत्या पिल्लाला किलोमागे याच्या दुपटीच्या आसपास. आणि तू चौथ्या मजल्यावर तिला भाकरीचा काला देतेस. उंदीर काय ती लिफ्टने मागवणार आहे?

मला राग येतो तो याचाच. आपण मांस खात नाही हा आपला नेम झाला, मांजराने कुठे दीक्षा घेतलीय? तिला गोडाची चवसुद्धा कळत नाही, जिभेवर ती सोयच नाही. टॉरिन नावाचा एक घटक तिच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो खाण्यातूनच यावा लागतो, आणि तो असतो मांसात. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदय सैल पडून फुगतं. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी हृदयाच्या दुखण्याचं हे कारण शोधलं, तेव्हा विकतचं खाणं खाणारी मांजरंसुद्धा त्यात सापडली होती. मग कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. म्हणून सांगते, पिल्लांसाठीचं पाकीट आण. नुसतं उकडलेलं चिकन घालून मोकळी होऊ नकोस, त्यात कॅल्शियम पुरत नाही. सासूबाईंना घरात वास नको असेल तर बाल्कनीत ठेव वाटी. ज्याला हे जमत नाही त्याने मांजर पाळू नये, गाय पाळावी!

आता तिच्या ओरडण्याचं. पोट भरायला लागलं तरी ते लगेच थांबणार नाही, कारण सवय तूच लावलीस. ओरडली की एक घास, ओट्यावर चढली की दुसरा, तुझा नवरा फोनवर बोलता बोलता तिसरा. मांजरं माणसाला बरोबर ओळखतात. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाने 2009 मध्ये दाखवलं, की खायला मागताना त्यांच्या घुरघुरीत तान्ह्या बाळाच्या रडण्यासारखा बारीक सूर मिसळलेला असतो. मग तू विरघळणारच. पाकिटावर वजनानुसार माप दिलेलं असतं. दिवसाचं खाणं सकाळीच काट्यावर तोलून डब्यात काढ, त्याचे चार भाग कर आणि ठरल्या वेळी दे. ओरडली म्हणून देऊ नकोस, गप्प बसली की दे. पहिले काही दिवस ती जास्तच गोंधळ घालेल, तिथेच सगळे हार मानतात. शेवटचा भाग रात्री उशिरा, आधी दोरीमागे दमेपर्यंत पळवून. शिकार, जेवण, अंग चाटणं, मग झोप, हा त्यांचा क्रम आहे. पहाटे चारची हाक त्याने पुष्कळ कमी होईल.

पण फोनवर तू आणखी एक बोललीस, त्याने माझी झोप उडालीय. "पाठ हाडकुळी नि पोट मात्र ढोलासारखं." अगं, हे आधी सांगायचं! जंत असतील. पिल्लांना ते आईच्या दुधातूनही येतात, मग कितीही घाला, अंगाला लागत नाही. औषध वजनावर ठरतं, तेव्हा डॉक्टरांकडूनच घे, घरातली मुलांची गोळी अर्धी करून देऊ नकोस. अंग तापलं वाटलं तरी पॅरासिटामॉल अजिबात नाही, मांजर त्याने मरते. आणि भाकरीबरोबर पिठलं, कांदा-लसणाचं कोरड्यास काही जातं का तिच्या पोटात? कांदा-लसणाने त्यांचं रक्त बिघडतं. हिरड्या पांढुरक्या दिसतात का ते बघ. दूधही बंद कर, हगवण लागली असेल तर त्यानेच असेल.

नसबंदीचं जूनमध्ये बोलत होतीस. कर, पण आधी हे निस्तरू दे. त्यानंतर भूक वाढते आणि गरज मात्र कमी होते, तेव्हा माप पुन्हा डॉक्टरांना विचारून ठरव.

पत्र मिळताच घेऊन जा तिला, ऑफिसला उशीर झाला तर होऊ दे. वजन किती भरलं ते कळव, मी फोनजवळच आहे.

तुझी,
आत्या