दीड इंचाचा प्रश्न

मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला घरात एक विशेष मान असतो. पंखा गरगरायचा थांबला, मिक्सर रुसला, शेजाऱ्यांची मोटारसायकल सुरू होईना, की हाक आपल्यालाच. 'तू इंजिनिअरिंगला आहेस ना रे?' या प्रश्नाला नाही म्हणता येत नाही; आणि हो म्हटलं तर पाना हातात घ्यावा लागतो. मशीन डिझाइनच्या व्हायवाला एक्स्टर्नल निदान मार्क तरी देतो, घरचे एक्स्टर्नल फक्त चहा देतात!

या वर्षी मात्र माझ्याकडे आलेला प्रश्न पंख्या-मिक्सरचा नव्हता. दादाने गाडी घेतली होती. घरातली पहिली गाडी, आणि तीही साधीसुधी नाही, पोलो जीटी टीएसआय. 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 पीएस ताकद आणि 175 न्यूटन-मीटर टॉर्क. 2013 साली ही गाडी बाजारात आली तेव्हा दादा डिप्लोमाला होता आणि तिचा फोटो त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी पोलो 2022 मध्ये बंद झाली, त्यामुळे आता घ्यायची तर जुनीच घ्यावी लागते. दादाने सहा वर्षं नोकरी केली, शैक्षणिक कर्ज फेडलं, गावच्या घरावर स्लॅब टाकला, मग ही जुनी गाडी घेतली. आणि हो, माझी तीन वर्षांची मेस आणि हॉस्टेलची फी त्यानेच भरली आहे.

गाडी घेऊन महिना झाला आणि त्याचा फोन आला. "सत्तर हजार बाजूला काढलेत. गाडी खाली करायची आणि बॉडी किट बसवायचं. स्प्रिंगा कुठल्या आणि किट कुठलं ते तू निवडायचंस. तू मेकॅनिकलवाला ना?"

मित्रांनो, ज्याने आपली मेस भरली आहे त्याच्यासमोर 'मी बघतो' याशिवाय दुसरं उत्तर नसतं.

आता 'गाडी खाली करणे' म्हणजे काय, हे इतर ब्रँचच्या मंडळींसाठी थोडक्यात. मूळ स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवल्या की गाडी 25 ते 40 मिलिमीटर खाली बसते. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट कमी होते आणि उभी गाडीसुद्धा पळत असल्यासारखी दिसते. आयबाख, एच अँड आर या जर्मन कंपन्यांचा तर हा मुख्य धंदाच आहे. दादाने पाहून ठेवलेल्या स्प्रिंगा 35 मिलिमीटरच्या, म्हणजे जवळजवळ दीड इंचाच्या होत्या.

दीड इंच! ऐकायला किती किरकोळ वाटतो. पण स्प्रिंग आखूड झाली की चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी उरते. चाक वर जाऊन रबरी स्टॉपरवर आदळू नये म्हणून ती स्प्रिंग कडकही करावी लागते. समजा ती 30 टक्के कडक आहे. आपल्या सूत्रात वारंवारिता कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ती 14 टक्के वाढली. गाडी आधी सेकंदाला 1.3 वेळा डुलत असेल तर आता ती दीडच्या आसपास डुलणार. त्याने आकाश कोसळत नाही. गडबड होते ती शॉकअब्सॉर्बरची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअपची. तो मूळ स्प्रिंगेच्या मापाने बनवलेला असतो. कडक स्प्रिंगेपुढे त्याचा डॅम्पिंग रेशो 12 टक्क्यांनी घसरतो. नव्या शॉकअपशिवाय नुसत्या स्प्रिंगा बदलल्या की खड्ड्यातून बाहेर आलेली गाडी लवकर शांत होत नाही, ती याचमुळे.

गावाकडच्या गॅरेजमध्ये याहून स्वस्त उपाय मिळतो: आहे तीच स्प्रिंग ग्राइंडरने एक वेढा कापायची. मुलांनो, स्प्रिंगेच्या कडकपणाच्या सूत्रात वेढ्यांची संख्या छेदात असते. सहातला एक वेढा कापला तर ती 20 टक्के कडक होते, पण शेवटचा वेढा बशीत बसावा म्हणून दिलेला आकार निघून जातो. चाक खड्ड्यात लोंबलं की अशी स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. दादाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की कापायची गोष्ट काढायची नाही. तो म्हणाला, "मला काय वेड लागलंय?" एक मुद्दा निकालात निघाला.

मग बॉडी किट. यात दोन प्रकार. एक, मूळ बंपरलाच खालून लावायची पट्टी, दारांखालच्या पट्ट्या आणि मागचा तुकडा. दुसरा, अख्खा बंपरच बदलायचा. दुसरा प्रकार मी लगेच खोडला, कारण बंपर म्हणजे नुसता मुखवटा नव्हे. त्याच्या मागची रचना धडकेची ऊर्जा शोषण्यासाठी बेतलेली असते. राहिला पहिला. त्यात साहित्य तीन तऱ्हेचं मिळतं. फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यांवर रेझिन. स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं, पण ठिसूळ. एका ठोकरीत तडा. एबीएस प्लॅस्टिक त्यापेक्षा चिवट आणि मापालाही नीट बसतं. पॉलियुरेथेन सर्वांत लवचीक, दाबलं तर वाकतं आणि परत येतं, पण रंगात लवचीकपणाचं द्रव्य मिसळलं नाही तर वरचा रंग तडकतो. किटच्या किमतीत रंगाचे पैसे धरलेले नसतात, हे पुण्यातल्या दुकानदाराने अगदी शेवटी सांगितलं.

दादाचं म्हणणं, किटने गाडी रस्त्याला चिकटते. मी हिशोब केला. ताशी 80 किलोमीटरला हवेचा गतिज दाब साधारण 300 पास्कल. मागच्या पंखाचं क्षेत्रफळ 0.2 चौरस मीटर आणि गुणांक 0.5 धरला तर खाली दाबणारं बल 30 न्यूटन. म्हणजे तीन किलो! मेसच्या पोळ्यांचा डबा मागच्या सीटवर ठेवला तरी तेवढं होतं. शिवाय पोलोचं इंजिन पुढची चाकं ओढतं, पंख दाबतो मागची. दादाला हे सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, "मला तीन किलो नको, मला ती छान दिसायला हवी." यावर सूत्र नाही. छान दिसायला हवी, हे कारण मला आजही पुरेसं वाटतं.

पण मग मी सुट्टीच्या दिवशी एक उद्योग केला. दादा गाडी घेऊन हॉस्टेलवर आला होता. गाडीचा सर्वांत खालचा भाग पट्टीने मोजला: जमिनीपासून 160 मिलिमीटर. मग आमच्या विंगमधली चार दणकट मुलं आणि त्यांच्या बॅगा आत कोंबल्या. पोट 40 मिलिमीटर खाली आलं, उरले 120. आता खाली केलेल्या गाडीचा हिशोब: 160 मधून 35 गेले, राहिले 125. कडक स्प्रिंग कमी दबेल, 40 ऐवजी 31. उरले 94.

त्यानंतर दोरी, स्पिरिट लेव्हल आणि पट्टी घेऊन आम्ही कॉलेजच्या फाटकापासून हायवेपर्यंतचे सगळे गतिरोधक मोजले. एकूण 11. (वॉचमनकाकांना वाटलं, सर्व्हेइंगची सबमिशन आहे.) भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 100 मिलिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा सांगितला आहे. अशा गतिरोधकावर 2.46 मीटर व्हीलबेसची गाडी पूर्णपणे चढते आणि चारही चाकं त्याच्या पाठीवर असताना पोटाखाली फक्त 44 मिलिमीटर उंचवटा येतो. म्हणजे मानकाप्रमाणे बांधला तर खाली केलेली गाडीही आरामात जाईल. पण आमच्या 11 पैकी 9 गतिरोधक मीटरभरही रुंद नव्हते. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि अख्खा उंचवटा थेट पोटाखाली! उंची 90 पासून 115 पर्यंत. मूळ गाडी भरलेली असतानाही सावकाश निघते, पाच मिलिमीटर राखून. खाली केलेली गाडी त्यातल्या 7 गतिरोधकांवर घासणार. किटची पुढची पट्टी त्याहून आधी.

तरीही दादा एकटा चाकण-पिंपरी फिरणार असता, तर मी हा कागद कदाचित फाडून टाकला असता. प्रश्न आईचा होता. दोन वर्षांपूर्वी तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं. दर महिन्याला तिला दाखवायला कराडला न्यावं लागतं, आणि आमचं गाव घाटाखाली, चिपळूणच्या बाजूला. पोफळी सोडली की कुंभार्ली घाट, वर हेळवाक, कोयनानगर, मग पाटण. पूर्वी ती एसटीने यायची आणि घरी पोचल्यावर दोन दिवस पडून असायची. गाडी आल्यापासून दादा महिन्यातून एकदा पुण्याहून गावी जातो, तिला घेऊन कराडला येतो, परत सोडतो. गाडी त्याच्या हौसेची खरी, पण महिन्यातून एक दिवस ती आईची रुग्णवाहिका असते. कडक स्प्रिंगेचा प्रत्येक दणका त्या दिवशी कुठे पोचणार, हे मला आकड्यांत मांडता आलं नाही. मांडायची गरजही नव्हती.

शिवाय कायदा. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ स्पष्ट केला: उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांत फरक पडेल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. त्यातून अपघात झाला आणि विमा कंपनीने न कळवलेल्या बदलावर बोट ठेवलं, तर सत्तर हजारांचा विषय सत्तर हजारांवर थांबत नाही.

हे सगळं मी एका फुलस्केपवर लिहिलं. शेवटी 'निष्कर्ष' असा मथळा घातला आणि खाली जागा कोरी सोडली. पैसे त्याचे, गाडी त्याची, सहा वर्षं त्याची. निष्कर्ष काढणारा मी कोण? कागद त्याच्या हातात दिला. त्याने वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि काही न बोलता पुण्याला गेला. पुढचे दहा दिवस त्याचा फोन नाही. मेसचे पैसे मात्र एक तारखेला बरोबर जमा झाले, आणि खरं सांगतो, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अकराव्या दिवशी फोन आला. "मग त्या गाडीत काय करायचं ते तरी सांग. घाटात वळणावर डुलते ती."

हा प्रश्न मला आधीपासून हवा होता! गाडी जुनी. आम्ही एका रविवारी तिला ओळखीच्या मिस्त्रींकडे लिफ्टवर चढवलं. मागचा एक शॉकअप तेल गाळत होता, पुढच्या लोअर आर्मचे बुश फाटले होते, लिंक रॉड खडखडत होते आणि टायर कडक पडलेले. म्हणजे दादाने मूळ गाडी कशी चालते हे अजून अनुभवलंच नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "आधी आजारी माणसाला बरं करा, मग त्याला तालमीत घाला." चारही शॉकअप, पुढचे स्ट्रट माउंटिंग, बुश, लिंक रॉड, मूळ मापाचे चार चांगले टायर आणि व्हील अलाइनमेंट, असं सगळं केलं. सत्तर हजारांतले थोडे उरले. त्यात दादाने चारही अलॉय चाकांना गडद राखाडी रंग मारून घेतला. त्यावर मी एकही सूत्र लिहिलं नाही. गाडी अप्रतिम दिसते, हे इथे नमूद करतो.

एक गोष्ट मात्र आमच्या विंगमधल्या रेसिंगवेड्यांसाठी. गाडी खाली करण्याचा फायदा खोटा नाही. गुरुत्वमध्य 550 मिलिमीटरवर असेल आणि तो 35 ने खाली आला, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन सहा टक्क्यांच्या आसपास कमी होतं. पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत रोल सेंटर त्याहूनही जास्त खाली घसरतं, त्यामुळे गाडीला कलंडवणारी भुजा उलट वाढू शकते. म्हणून ट्रॅकवरच्या गाड्यांत नुसत्या स्प्रिंगा बदलत नाहीत, सगळी भूमिती नव्याने आखतात. आपल्या वर्कशॉपमध्ये फॉर्म्युला स्पर्धेसाठी गाडी बांधणारी मुलं रात्र रात्र जागून नेमकं हेच करतात. ती गाडी जमिनीला लगटून धावते, कारण तिच्या वाटेत गतिरोधक नाही आणि मागच्या सीटवर कुणाची आई नाही.

मागच्या महिन्यात कराडहून परतताना मीही सोबत होतो. कोयनानगर सोडलं, घाट उतरायला लागलो. दादा एकेक वळण गिअर पाडून स्वच्छ घेत होता, गाडी रेषेवर. मागे आई उशीला टेकून बसली होती. पोफळीला चहाला थांबलो तेव्हा तिने विचारलं, "घाट संपला का रे? मला डोळा लागला होता."

दादाने माझ्याकडे पाहिलं आणि दोन चहा, एक कॉफी सांगितली. कॉफी माझ्यासाठी होती. मेसमध्ये ती मिळत नाही, हे त्याला ठाऊक आहे.