घाट लागलेला सीपीयू

"भाऊ, घाट लागला असेल त्याला. वाटेत सगळं बाहेर पडलं, आता मोकळा झाला!" धडगावहून मोटरसायकलवर बांधून, चांदसैली घाट उतरून तळोद्याला आणलेला सीपीयू माझ्या टेबलावर पहिल्याच बटणाला सुरू होतो, तेव्हा मालक असं काही सांगतो. मला अशी कारणं मनापासून आवडतात. बंद पडलेलं मशीन दोष दाखवतं. बरं झालेलं मशीन काहीच सांगत नाही, तेव्हा मालकाचंच ऐकावं लागतं.

आणि घाटाने खरंच काम केलेलं असतं. रॅमची पट्टी काढून उजेडात धरली, तर सोनेरी टोकांवर काळपट थर दिसतो. हादऱ्यांनी पट्टी खाचेत केसभर सरकते, टोकं पुन्हा टेकतात आणि मशीन जागं होतं. थर तसाच असतो, म्हणून खोडरबरने हलक्या हाताने टोकं घासायची, भुगा ब्रशने झटकायचा.

"ऊन लागलं होतं, सावलीत आणल्यावर बरा झाला," हे तर जवळजवळ निदानच. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, सीपीयूच्या पंख्यात धूळ आणि थर्मल पेस्ट वाळलेली असेल, तर प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास जाऊन स्वतःला वाचवायला बंद पडतो. वाटेत निवतो.

"रात्री रुसतो" म्हटलं की मी विचारतो, तेव्हा शिवारातले पंप चालू असतात का? ऊस-केळीला पाणी सुरू झालं की व्होल्टेज पडतं, आणि पॉवर सप्लायमधला फुगलेला कपॅसिटर तेवढंही सोसत नाही.

सॉफ्टवेअरही असंच बरं होतं. चालू यंत्रणांमधले बहुतेक दोष पुन्हा सुरू केल्यावर दिसत नाहीत, असं टँडम कंपनीतल्या जिम ग्रे यांनी 1985 मध्येच मांडलं होतं. शोधायला गेलं की गायब होणाऱ्या अशा दोषाला ते हायझेनबग म्हणत.

"तुमच्या हाताला गुण आहे," असंही लोक म्हणतात. पाउली या शास्त्रज्ञाचं उलट होतं. ते आले की उपकरणं बिघडतात, म्हणून ऑटो स्टर्न यांनी त्यांना हॅम्बुर्गच्या प्रयोगशाळेत यायला बंदी केली होती, असं सांगतात.

असा बरा झालेला सीपीयू मी लगेच परत देत नाही. एक रात्र चालू ठेवतो, दुपारी खोलीतला पंखा बंद करून तापवून बघतो. बिल मात्र साफसफाईचंच लावतो.