कृष्णाकाठ ते यमुनाकाठ

आई फोनवर विचारते, किती लांब आहेस? मी सांगतो, सव्वादोन तास. ते दिल्ली-पुणे विमानाचे झाले. पुण्याहून कडेगावला एस.टी. त्याच्या दुप्पट वेळ घेते, हे तिच्या आजारपणात सांगवत नाही.

आजच्या कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथे १९१३ साली जन्मलेले यशवंतराव चव्हाण १९६२च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. आत्मचरित्राचे तीन खंड त्यांनी योजले होते. पहिला, ‘कृष्णाकाठ’, १९४६पाशी थांबतो. १९८४मध्ये ते दिल्लीतच वारले आणि ‘यमुनाकाठ’ लिहायचा राहिला. मला तर तोच हवा होता. दिल्लीत इतकी वर्षे काढलेला माणूस देवराष्ट्र्याचे अंतर कशात मोजत असे, ते त्यात सापडले असते.