चौदा जणींचं बेतणं



महिला मंडळाचा एकसारखा ड्रेस करायचा ठरलं की आपल्याकडे रंगावर दोन बैठका होतात आणि पैशांवर एक. कापड बेतायचं कसं हा विषय निघतच नाही. तो टेलरचा प्रश्न, असं आपण धरून चालतो. मग शोभायात्रेच्या दिवशी निम्म्या जणींचा एक हात कुर्ता खाली ओढण्यात गुंतलेला असतो, आणि फोटोत नेमकं तेच दिसतं. म्हणून आज रंगावर कमी लिहिते, बेतण्यावर जास्त.

कळंबात आपली घरं मोजकी. २०२५ च्या महावीर जन्मकल्याणकाला, म्हणजे १० एप्रिलला, लेझीम धरायला चौदा जणी तयार झाल्या. सगळ्यांत लहान एकोणीस वर्षांची, सगळ्यांत मोठी माझी जाऊ, सदुसष्टची. छातीची मापं ३० पासून ४६ इंचांपर्यंत. एकीला गुडघेदुखी, एकीचं बाळ सहा महिन्यांचं, दोघींना डोक्यावरचा पदर सोडायची सवय नाही. अशा चौदा जणींवर एकच ड्रेस चढवायचा होता. बी.कॉम. झाल्यावर लग्न ठरेपर्यंत मी शिवणक्लास केला होता, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

पहिली मागणी अर्थातच शिवलेल्या नऊवारीची. दिसते छान, यात वाद नाही. पण ती उभं राहून फोटो काढायला शिवलेली असते. लेझमीत बैठक आली की सगळा ताण काष्ट्याच्या शिवणीवर येतो. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, ते एप्रिलच्या उन्हात अंगावर वागवायचं. आणि मिरवणूक तीन तासांची. आमच्या वयाच्या बायकांना मध्ये एकदा तरी जावं लागतं, तेव्हा ती शिवलेली नऊवारी सोडवायची कशी, हे मी बैठकीत स्पष्ट विचारलं. सगळ्या हसल्या, पण नऊवारी तिथेच मागे पडली.

मग सुनांनी मोबाइलवर अनारकलीचा फोटो दाखवला. सोळा कळ्यांचा घेर, छातीला प्रिन्सेस कट, बाही दंडाला चिकटलेली. फोटोतली मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती. मी म्हटलं, हिला हात वर करायला सांगा, मग बघू.

लेझीम हा नाच व्हायच्या आधी आखाड्यातला व्यायाम आहे. आपल्या शेजारच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून देशी व्यायाम शिकवतं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक आपले देशी खेळ दाखवायला तिकडे गेलं होतं. लेझीम त्याच घराण्यातली. हात छातीशी, खांद्यापाशी, डोक्यावर, मग वाकून पायाशी, मग बैठक. म्हणून तिचा कपडा लग्नाच्या कपड्यावरून नाही, व्यायामाच्या कपड्यावरून बेतायला हवा, असं माझं मत होतं आणि आहे.

आता मुख्य गोष्ट, मुंढ्याची. आपला समज असा की मुंढा खोल आणि ढगळ कापला की हात मोकळा राहतो. होतं उलट. मुंढा खोल गेला की बाहीची शिवण कमरेकडे सरकते. हात वर नेला की ती शिवण अख्खा कुर्ता सोबत उचलते. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात एकटाच वर जातो, कुर्ता जागेवर राहतो. घरी आरशासमोर दोन कुर्ते घालून हात वर करून बघा. माझ्या कपाटातल्या ढगळ मुंढ्याच्या कुर्त्याचा घेर चार बोटं वर गेला.

आपल्या जुन्या झब्ब्यात याचं उत्तर आधीच आहे. अंगाचा सरळ तुकडा, बाहीचा सरळ तुकडा, बाजूला कळ्या, आणि काखेत एक लहान चौकोन. तो चौकोन तिरपा बसवतात, एक कोपरा बाहीच्या शिवणीत आणि समोरचा कोपरा अंगाच्या शिवणीत. हात खाली असताना तो घडी होऊन दडतो, वर गेला की उघडतो. आम्ही चार इंचांचा घेतला, ४२ च्या पुढच्या मापांना पाच इंचांचा. सगळे तुकडे सरळ असल्यामुळे कापडही वाया जात नाही. नव्या मुलींना आधी तो आजोबांचा कपडा वाटला. मी काही बोलले नाही, फक्त मांजरपाटाचा एक नमुना शिवून दोघींना आळीपाळीने घालायला दिला आणि हातात लेझीम दिली. मग त्या गप्प झाल्या.

पण या पॅटर्नचं खरं कारण वेगळं होतं. तिला विचारून, नाव न घेता लिहिते. आमच्यातल्या एकीचं दोन वर्षांपूर्वी स्तनाचं ऑपरेशन झालं. अनारकलीचा फोटो आला त्या संध्याकाळी ती मागे थांबली. म्हणाली, “काकू, मी पाणी वाटायचं काम घेते. लेझीम नको.” मी विचारलं, दमतेस का? तर म्हणाली, “दमत नाही. डॉक्टर म्हणाले, हलके हलके कर. पण तो कट मला नाही बसणार, आणि टेलरसमोर पुन्हा माप द्यायला नाही जमणार.”

मैत्रिणींनो, आपल्या टेलरकडे माप कसं घेतात ते आठवा. तो टेप धरतो आणि मोठ्याने आकडे सांगतो, पोऱ्या वहीत लिहितो, मागे चार बायका बसलेल्या असतात. जाड असो, बारीक असो, प्रत्येकीला ते आकडे टोचतात. हिला किती टोचत असतील!

मग मी ठरवलं की मापं माझ्या घरी, आतल्या खोलीत, एका वेळी एकीचीच. आकडा मोठ्याने बोलायचा नाही आणि वही माझ्याच कपाटात राहणार. सगळ्यांनाच हा नियम, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. प्रिन्सेस कट काढून टाकला. खांद्यापासून चार बोटं खाली योक घेतला आणि त्याला समोरून बारीक चुण्या दिल्या. चुण्यांखाली छाती सपाट आहे की भरलेली, दोन्ही बाजू सारख्या की नाहीत, काही कळत नाही. तिच्या कुर्त्याच्या अस्तराला आतून एक सुती खिसा शिवला, तिचं पॅड हलू नये म्हणून. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून घट्ट बाही टाळायला सांगतात. तिची एकटीची बाही रुंद केली असती तर ओळीत वेगळी दिसली असती. चौदाही जणींच्या बाह्या रुंद केल्या, पाऊण लांबीच्या, इलॅस्टिक कुठेच नाही. उन्हाळ्यात त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. बाळाच्या आईला योकाच्या शिवणीत लपलेली चेन मिळाली.

कापडाला सुतीशिवाय पर्याय नव्हता. एकीने रेशमी जॅकेटं सुचवली. रेशमाचा धागा अखंड निघावा म्हणून आतल्या जिवासकट कोश गरम पाण्यात टाकतात, हे आपल्याला ठाऊक आहे. महावीरांच्या जन्माच्या दिवशी ते अंगावर नको. आर्ट सिल्कला तो दोष नाही, पण त्यात घाम मुरत नाही. बटणं घेतानाही बघून घ्या, चकचकीत पांढरी बटणं कधीकधी शिंपल्याची असतात. आम्ही लाकडी घेतली. पांढरा कुर्ता नको म्हटलं ते मात्र धर्मासाठी नाही. घामाने भिजलं की पांढऱ्या मलमलच्या आतलं सगळं दिसतं. केशरी ठरला, खाली पांढरी सलवार ज्याची त्याची घरची.

वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली ती २८ फेब्रुवारी २०२४ ला. आम्ही तिघी तिनेच वर्ध्याला गेलो. गाडीच्या दोन्ही बाजूंना आपलाच कापूस, आणि कापड घ्यायला मात्र आपण दुसऱ्या गावी, ही गंमत मला नेहमी वाटते. आता हिशेब. अनारकलीला एकीला साडेचार मीटर धरले तर चौदा जणींना ६३ मीटर. आमच्या कुर्त्याला सरासरी अडीच, म्हणजे ३५. आटेल म्हणून ३८ घेतलं, १४० रुपये मीटरने ५,३२० रुपये, प्रत्येकी ३८०. यावर एक कुजबुज झाली की ४६ मापाला तीन मीटर लागतं आणि ३० मापाला सव्वादोन, मग वर्गणी सारखी का? मी म्हटलं, मंडळाचा खर्च आहे, किराणा दुकानाचं वजन नाही. एकूण भागिले चौदा. कापड रात्रभर भिजवून वाळवलं तर साडेछत्तीस मीटर भरलं. हेच शिवल्यानंतर आटलं असतं तर?

कागदी पॅटर्न पाच मापांचे काढले. एक सावधगिरी सांगते. मोठं माप काढताना लहान पॅटर्न सगळीकडून सारखा वाढवू नका. छाती चार इंचांनी वाढली तरी खांदा अर्धाच इंच वाढतो. नाहीतर जाड बाईचा खांदा दंडावर लोंबतो आणि मग सगळे म्हणतात, तिला काही शोभतच नाही. उंचीवरही वाद झाला. सुनांचं म्हणणं, सगळ्यांचा घेर जमिनीपासून सारखा असावा. त्याने बुटकी बाई कपड्यात बुडते. आम्ही प्रत्येकीच्या स्वतःच्या गुडघ्याखाली दोन इंच ठेवला, आणि ओळीत तो सारखाच दिसला.

पंचरंगी पट्टी सगळ्यांनाच हवी होती. २५०० व्या निर्वाण महोत्सवात, १९७४-७५ मध्ये, सगळ्या पंथांनी मिळून स्वीकारलेल्या ध्वजाचे ते रंग. मुलींनी ती घेराला लावायची म्हटली. जाऊबाई सहसा बोलत नाहीत, त्या बोलल्या, “बैठक घेतली की रस्त्याला लागेल. पायाशी नको, आशातना होते.” पट्टी योकाच्या शिवणीवर गेली, आणि बाळाच्या आईची चेनही तिच्याखाली झाकली.

त्या दिवशी तीन तासांत मला एकाही हाताने कुर्ता ओढलेला दिसला नाही. ती दुसऱ्या ओळीत होती. डोक्यावरच्या प्रकाराला तिने हात खांद्यापर्यंतच नेला. तसं आधीच ठरलं होतं आणि गुडघेदुखीवाली बैठकीला अर्धीच वाकत होती, तेव्हा ओळीत कुणाचं लक्ष गेलं नाही. पाणी वाटायचं काम एकीच्या यजमानांनी केलं.

उरलेल्या दीड मीटरची पोथ्यांसाठी बासनं शिवली. पाच मापांचे कागद गुंडाळून माझ्याकडे आहेत. आसपासच्या कुठल्या मंडळाला हवे असतील तर घेऊन जा, फक्त चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी एक मांजरपाटाचा करून बघा.